काटा लहरीचा, टंच प्रकाशाचा

प्रश्न थोडक्यात असा आला होता: "मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुजरीत आमचं सोन्याचं दुकान आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्यातून सोनं तयार झालं आणि शास्त्रज्ञांनी ते ऐकलंही आणि पाहिलंही, असं वाचलं. बाबा म्हणतात, इतक्या लांबचं सोनं यांना कळलं कसं? ऐकलेलं आणि पाहिलेलं एकाच जागचं कशावरून? आणि यातलं काही मला इथं बसून करता येईल का?"

बाबांची शंका रास्त आहे. गुजरीत बसणाऱ्या माणसाला ती पडली नसती तरच नवल. म्हणून त्यांच्याच धंद्यातून सुरुवात करतो. गिऱ्हाईक जुना साज मोडायला आणतं, तेव्हा बाबा तो काट्यावर ठेवतात आणि टंचही, म्हणजे सोनं किती शुद्ध आहे तेही, काढतात. नुसत्या वजनावर पैसे दिले तर मण्यांतली लाखसुद्धा सोन्याच्या भावानं घेतल्यासारखं होईल. नुसता टंच कळला आणि वजनच घेतलं नाही, तर बिल कशाचं करणार? न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचंही तसंच आहे. गुरुत्वीय लहर हा काटा आहे, ती वजन सांगते. प्रकाश टंच सांगतो, म्हणजे माल कशाचा आहे ते. मी वीसेक वर्षं काट्याच्या बाजूला काम केलं, लायगो या लहरी टिपणाऱ्या यंत्रांच्या नोंदींतून लहरी शोधण्याचं. त्यामुळे काट्याबद्दल जरा जास्त बोलेन, ते सांभाळून घे.

आधी तारे. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याच्या साधारण दीडपट वस्तुमान, आणि ते मावलेलं जेमतेम चोवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात. इथून पन्हाळ्याला जाऊन थोडं पुढं गेलास की तेवढं अंतर झालं. असे दोन तारे जोडीनं फिरत असले की त्यांच्या फिरण्यानं अवकाशालाच लहरी सुटतात, त्या लहरींत ऊर्जा जाते आणि तारे हळूहळू एकमेकांकडे सरकतात. ही नुसती कल्पना नाही. १९७४ साली हल्स आणि टेलर यांना अशी एक जोडी सापडली, पावणेआठ तासांत एक फेरी घालणारी. तिची फेरी वर्षागणिक आइन्स्टाइनच्या गणिताबरहुकूम आखूड होत गेलेली मोजली आहे. ती जोडी भिडायला अजून सुमारे तीस कोटी वर्षं आहेत.

खासबागेत कुस्ती बघितली असशील. बराच वेळ खडाखडी चालते आणि मग एका क्षणात पैलवान भिडतात. इथं खडाखडी कोट्यवधी वर्षांची असते आणि आपल्या यंत्रांना ऐकू येतात ते फक्त शेवटचे काही सेकंद. १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत ते सुमारे शंभर सेकंद होते. त्या वेळात लहरीची तीनेक हजार आवर्तनं झाली. सेकंदाला चोवीसपासून सुरू होऊन ती शेकड्यांच्या घरात चढत गेली.

आता काट्याकडे. लायगोच्या यंत्रात काटकोनात ठेवलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतात. त्यांतून लेसर जाऊन आरशांवरून परत येतो. लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते. किंचित म्हणजे त्या दिवशी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्या नाजूक यंत्राला कशाचाही धक्का लागतो. लायगोची दोन यंत्रं अमेरिकेत आहेत, हॅनफर्डला आणि लिव्हिंगस्टनला. हॅनफर्डच्या यंत्रात एकदा गूढ खडखड येत होती. शोध घेतल्यावर निघालं की डोमकावळे द्रव नायट्रोजनच्या नळावरचा बर्फ टोचत होते! म्हणून एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब अशी दोन-तीन यंत्रं लागतात. एकाच वेळी दोन्हीकडे तीच नक्षी उमटली तरच ती धरायची.

ती नक्षी ओळखायची कशी? हे माझं काम होतं, म्हणून थोडं थांबतो. गोंगाटात बुडालेला सूर नुसत्या कानाला सापडत नाही. पण सूर कसा असेल हे आधी माहीत असेल, तर त्या साच्यावर नोंदी ताडून बघता येतात. वेगवेगळ्या वजनांच्या जोड्यांचे हजारो साचे गणितानं आधीच करून ठेवायचे आणि येणारा प्रत्येक सेकंद त्या सगळ्यांवर घासून बघायचा. सराफाच्या कसोटीच्या दगडासारखंच हे. या साच्यांची बांधणी कशी करायची, किती साचे पुरतील, यावरचं पायाभूत काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमाराला केलं. तेव्हा लायगोची इमारतसुद्धा उभी नव्हती. आणि आयुका उभी करणारे जयंत नारळीकर, त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९३८ चा. हे विषयाला सोडून आहे, पण कोल्हापूरकराला उत्तर देताना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सूर किती वेगानं चढतो यावरून दोन ताऱ्यांच्या वजनांचं एक विशिष्ट मिश्रण कळतं. त्याला चर्प मास म्हणतात. १७ ऑगस्टच्या जोडीचं ते १.१८८ सूर्य निघालं, तिसऱ्या दशांशापर्यंत. दोघांचं मिळून वजन सुमारे २.७४ सूर्य. पण प्रत्येकाचं वेगवेगळं वजन एवढं पक्कं नाही. आमचा काटा मोळीचं वजन चोख सांगतो, मोळीतली कुठली काडी किती जड हे सांगताना अडखळतो.

आता ती संध्याकाळ. आपल्या घड्याळात ६ वाजून ११ मिनिटं झाली होती. गणपतीला आठवडा उरला होता. मी पुण्याहून एसटीनं घरी येत होतो आणि कराडच्या पुढं फोनला रेंज आली तेव्हा मेलचा ढीग पडला. पहिली बोंब काट्यानं नाही, प्रकाशानं मारली होती. फर्मी उपग्रहानं दोन सेकंदांचा गॅमा किरणांचा स्फोट टिपून चौदा सेकंदांत आपोआप इशारा पाठवला होता. लायगोच्या संगणकाला मात्र फक्त हॅनफर्डमध्ये लहर दिसत होती. लिव्हिंगस्टनमध्ये तारे भिडण्याच्या १.१ सेकंद आधी यंत्रातच एक खटका उडाला होता, आणि असा खटका दिसला की ती नोंद बाजूला टाक असं संगणकाला सांगून ठेवलेलं. माणसांनी नोंद उघडून बघितली तेव्हा खटक्याच्या मागून चढत गेलेली ती रेघ डोळ्यांनीच दिसली. मोबाइलच्या पडद्यावर मी ती पाहिली, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजून झोपेत दिसते.

तिसरं यंत्र इटलीतलं व्हर्गो. ते या फेरीत १ ऑगस्टलाच सामील झालं होतं. त्याला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. आणि हीच त्या दिवसाची सगळ्यात मोलाची गोष्ट ठरली. यंत्र बंद नव्हतं, बिघडलेलं नव्हतं, तरी ऐकू आलं नाही. म्हणजे घटना व्हर्गोला जिथलं ऐकू येत नाही अशा आकाशाच्या पट्ट्यात झाली असणार! त्या गप्पपणामुळे शोधायची जागा सुमारे तीस चौरस अंशांवर आली. पौर्णिमेचे दीडशे चंद्र शेजारी शेजारी मांडले तर तेवढी होईल. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह तेव्हा पृथ्वीच्या आडोशाला होता, त्यालाही काही दिसलं नाही, आणि त्या न दिसण्याचाही जागा आवळायला उपयोग झाला.

गंमत म्हणजे त्या क्षणी ती जागा कोल्हापूरच्या आकाशात होती. मी नंतर हिशेब करून पाहिला. रंकाळ्यावरून नैऋत्येला, क्षितिजापासून चाळीसेक अंश वर. पण सूर्य मावळला नव्हता, आणि ऑगस्टातलं आपलं आभाळ कसं असतं ते तुला सांगायला नको. तीन यंत्रांचा मिळून नकाशा जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा व्हायला आले होते. ती जागा साडेनऊच्या सुमारासच मावळली होती. पहिली संधी मिळाली चिलीला, तिथं संध्याकाळ व्हायची होती. लास कॅम्पानासच्या एक मीटरच्या छोट्या स्वोप दुर्बिणीवरच्या लोकांनी आकाश सरसकट चाळलं नाही. काट्यानं सांगितलेल्या अंतरावर त्या तुकड्यात कुठल्या दीर्घिका आहेत त्याची यादी केली आणि एकेक फोटो घेत गेले. वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेच्या फोटोत जुन्या फोटोत नसलेला एक ठिपका निघाला. टक्कर होऊन तोवर अकरा तासही झाले नव्हते. अंतर तेरा कोटी प्रकाशवर्षं. दीर्घिकेचं आधी माहीत असलेलं अंतर आणि लहरीवरून काढलेलं अंतर जुळलं.

"एकाच जागचं कशावरून" याचं उत्तर इथं येतं. लहर संपल्यावर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, दिशा जुळली. असा योगायोग निव्वळ अपघातानं व्हायची शक्यता दोन कोटींत एक निघते. त्यात अंतरही जुळलं, आणि त्याच ठिपक्याचा प्रकाश टकरीच्या गणितानं सांगितला होता तसाच बदलत गेला. याउपर शंका घेणारा एकही सहकारी मला भेटलेला नाही, आणि शंका घेणं हा आमच्या लोकांचा छंदच आहे.

त्या १.७ सेकंदांनी आणखी एक काम करून टाकलं. तेरा कोटी वर्षं धावून लहर आणि प्रकाश पावणेदोन सेकंदांच्या फरकानं पोहोचले, म्हणजे दोघांचा वेग हजार लाख कोटींत काही भाग एवढ्यापर्यंत सारखा. गुरुत्वाकर्षणाचे कितीतरी पर्यायी सिद्धांत एका दुपारीत कचऱ्यात गेले. काहींनी त्यावर आयुष्य घातलं होतं. हळहळ वाटली, पण करणार काय.

आता टंच. पहिल्या दिवशी तो ठिपका निळसर होता. दोन-तीन दिवसांत निळा उजेड झपाट्यानं मंदावला आणि तांबूस, मग अवरक्त होत गेला. साधा तारा फुटला तर असं इतक्या लवकर होत नाही. याला किलोनोव्हा म्हणतात. टकरीत सूर्याच्या वस्तुमानाच्या अंदाजे पाच टक्के माल प्रकाशाच्या एक ते तीन दशांश वेगानं बाहेर फेकला गेला. त्यात न्यूट्रॉनची रेलचेल. अणुकेंद्रं एकामागून एक न्यूट्रॉन गिळत जातात, पहिला पचायच्या आत दुसरा, आणि सेकंदाभरात लोखंडाच्या कितीतरी पुढची जड केंद्रं तयार होतात. ती अस्थिर असतात, फुटत राहतात, आणि त्या किरणोत्साराच्या उष्णतेनं ढग उजळतो. सोनं चमकलं म्हणून काही दिसलं नाही. जड मूलद्रव्यांपैकी लँथनाइड गटातली मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवतात, म्हणून ती जास्त असलेला माल तांबूस दिसतो. रंगावरून माल ओळखला, तो असा.

बाबांना इथं नीट सांग, कारण बातम्यांनी या जागी हात सैल सोडला. त्या वर्षी "सोन्याचा कारखाना सापडला" असे मथळे आले. माझ्या आईनंही मला "मग थोडं आणायचं की" म्हणून टोमणा मारला. खरं असं आहे की त्या प्रकाशात सोन्याची स्वतःची खूण कुणालाही दिसलेली नाही. पहिल्या दिवसांचे वर्णपट २०१९ साली पुन्हा वाचले तेव्हा त्यात स्ट्रॉन्शियमची खूण पटली. ते ३८ प्रोटॉनचं; सोनं ७९ चं. पुढं जेम्स वेब दुर्बिणीनं २०२३ च्या दुसऱ्या एका स्फोटात टेल्युरिअमची खूण पाहिली.

दुकानातल्या टंच मशीनमध्ये काय होतं? दागिन्यावर एक्स-रे टाकतात आणि प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक रेघांनी उलट बोलतो. सोन्याची रेघ वेगळी, तांब्याची वेगळी. पण तिथं दागिना ट्रेमध्ये गप्प पडलेला असतो. समज, तोच माल भुगा होऊन एका बाजूनं आपल्याकडे, दुसऱ्या बाजूनं आपल्यापासून लांब, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं पसरतोय. मग प्रत्येक रेघ दोन्हीकडे फाकते. त्यात ही जड मूलद्रव्यं एकेक लाखो रेघांची. साज, ठुशी, पुतळ्या, तांब्याची तार सगळं एका मुशीत वितळवून मग कुठला ग्रॅम कशाचा ते सांगा म्हणण्यासारखं आहे. एवढा जड माल तयार झाला तर त्यात सोनं असणारच, हे अणुभौतिकीचं गणित आहे आणि मला ते पटतं. पण टंचाची पावती हातात नाही. आणि जगातलं सगळं सोनं अशाच टकरीतून आलं का, हाही वाद मिटलेला नाही. काही दुर्मीळ ताऱ्यांचे स्फोट शर्यतीत आहेत. २००४ साली एका मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकत्वाच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, भडका दिसला होता, त्याची जुनी नोंद अलीकडे पुन्हा तपासल्यावर तिथंही जड मूलद्रव्यांच्या खुणा असल्याचं मांडलं गेलं आहे. आणि हो, गुजरीतलं सोनं या टकरीतलं नाही. ते सूर्यमाला जन्मायच्या आधीच्या, म्हणजे साडेचार अब्ज वर्षांहून जुन्या कुठल्यातरी घटनांमधलं आहे.

काटा आणि टंच एकमेकांना कसे सांभाळतात, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण मात्र वेगळं आहे. लहरीच्या जोरावरून अंतर कळतं, पण त्यात एक खोट आहे. जोडीच्या फिरण्याची चकती आपल्याकडे पूर्ण तोंड करून असेल तर लहर जोरात येते, तिरकी असेल तर मंद. म्हणजे जवळची तिरकी जोडी आणि लांबची समोरासमोरची जोडी काट्यावर सारखीच भरतात. ही खोट काट्यानं स्वतः काढता येत नाही.

ती काढली रेडिओ दुर्बिणींनी. टकरीनंतर नऊ दिवसांनी क्ष-किरण दिसले, सोळा दिवसांनी रेडिओ लहरी, आणि दोन्ही मंदावण्याऐवजी पाचेक महिने वाढतच गेल्या. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही हा मागोवा घेतला. मग कुणाल मुळे यांच्या गटानं खंडभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून तो ठिपका आकाशात सरकताना पकडला, प्रकाशाच्या चौपट वेगानं सरकल्यासारखा दिसणारा. हा दृष्टिभ्रम असतो; प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारी चिंचोळी धार आपल्याकडे थोडी तिरकी येत असेल तरच तो होतो. त्यावरून तिरकेपण कळलं, साधारण वीस अंश. तिरकेपण कळल्यावर अंतर सुधारलं, आणि गॅमा स्फोट इतका जवळचा असून एवढा फिका का होता तेही उलगडलं: धार आपल्या अंगावर नव्हती, बाजूनं गेली होती.

अंतर सुधारलं की विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय तेही काढता येतं. ही युक्ती बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ साली सुचवली होती. दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ७० किलोमीटर असं उत्तर आलं. आधीच्या दोन पद्धतींत एक ६७ म्हणते, दुसरी ७३, आणि त्यांचं भांडण चालू आहे. एका घटनेनं निवाडा होत नाही. अशा काही डझन लागतील.

आणि तिथंच अडलंय. २५ एप्रिल २०१९ ला दुसरी जोडी सापडली, वजन मिळून ३.४ सूर्य, अंतर पन्नास कोटी प्रकाशवर्षांच्या वर. हॅनफर्ड तेव्हा बंद होतं. शोधायची जागा आठ हजार चौरस अंशांच्या पुढं गेली, म्हणजे आकाशाचा पाचवा हिस्सा. जगभरच्या दुर्बिणी, त्यात लडाखमधल्या हानलेची ग्रोथ-इंडियाही, रात्रंदिवस चाळत राहिल्या आणि हाती काही लागलं नाही. वजन मिळालं, टंच नाही. लहर आणि प्रकाश दोन्ही पक्के मिळालेली घटना अजून एकच.

जागा आवळायची तर लांबच्या कोपऱ्यात आणखी यंत्र हवं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. २०१६ ला तत्त्वतः होकार, एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची २६०० कोटींची मंजुरी. मधली सात वर्षं आमच्यासारख्यांनी कशी काढली ते विचारू नकोस. तुझं शिक्षण संपेपर्यंत तिथं माणसं लागतील, आणि फक्त खगोलवाली नाहीत: निर्वात नळ्या, लेसर, आरसे, संगणक, सगळ्यांची.

आता तुझा शेवटचा प्रश्न. दुर्बीण घेऊन गच्चीवर जायचा विचार असेल तर थांब. तो ठिपका सगळ्यात तेजस्वी असतानाही सतराव्या प्रतीचा, म्हणजे फारच फिका होता, शहराच्या उजेडात दिसायचा नाही. लॅपटॉप मात्र पुरे. लायगोच्या नोंदी सर्वांना फुकट खुल्या आहेत, गुरुत्वीय लहरींच्या खुल्या विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर १७ ऑगस्टचा संच आहे, सोबत पायथॉनचे तयार धडे. काळ आडवा आणि कंप्रता उभी असं चित्र काढ. हॅनफर्डच्या चित्रात डावीकडून हळू चढत शेवटी सुळकन वर जाणारी रेघ साच्याशिवायही डोळ्यांना दिसते. दुसऱ्या वर्षाचं गणित एवढ्याला पुरतं. त्या रेघेचा चढ मोजून चर्प मास काढून बघ. १.१९ च्या आसपास आलं तर बरोबर चाललंय समज. १.१८८ च्या जरा वर आलं तरी घाबरू नकोस: ती दीर्घिका आपल्यापासून लांब जातेय, त्यामुळे इथं मोजलेलं वजन एक टक्का जास्त भरतं.

लिव्हिंगस्टनच्या नोंदीच्या दोन प्रती मिळतील. एकीतला खटका गणितानं काढून टाकलेला, दुसरीत तो तसाच. मोजमाप साफ केलेल्या प्रतीवर कर. पण आधी खटक्याची प्रत उघड, आणि बाबांना दुकान बंद झाल्यावर शेजारी बसवून दाखव.